पासवर्ड चोरणारा व्हायरस घुसला तर: कॉम्प्युटर नंतर साफ करा, आधी फोन हातात घ्या

गणपतीच्या आधीचे पंधरा दिवस म्हणजे फ्लेक्सवाल्यांचा सीझन. माझा मावसभाऊ कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत डिझाईनचं काम करतो, त्या दिवसात त्याला जेवायला पण फुरसत नसते, मंडळाची पोरं रात्री बाराला येऊन खुर्चीमागं उभी राहतात आणि "अध्यक्षांचा फोटो अजून जरा मोठा कर की" चालू असतं. अशाच एका रात्री पावणेदोनला त्याचा फोन. "दादा, माझ्या पेजवर कायतरी गंडलंय बघ की, मी टाकलेलं नाही ते सगळं यायलंय." बघितलं तर दुकानाच्या फेसबुक पेजवर कसल्यातरी क्रिप्टोच्या जाहिराती, अ‍ॅडमिनच्या यादीत दोन अनोळखी नावं, आणि जाहिरातीचं बिल याच्या कार्डावर. ओटीपी आलेला का? नाही. टू-स्टेप, म्हणजे पासवर्डनंतर अजून एक कोड मागायची सोय, चालू होतं का? होतं की. पासवर्ड कुणाला सांगितलेला? आईशप्पथ नाही. अँटीव्हायरस? विकतचा, हिरवी टिक दाखवतोय.

हे सगळं एकाच वेळी खरं असू शकतं, आणि तिथंच लोकांचा घोळ होतो. म्हणून त्या रात्री आणि नंतरच्या दोन दिवसात आम्ही काय केलं, कुठल्या क्रमानं केलं ते लिहितोय. क्रम चुकला तर सगळी मेहनत पाण्यात जाते, ते का ते पुढं येईलच.

आधी हा प्रकार काय असतो ते थोडक्यात. याला इन्फोस्टीलर म्हणतात. फायली लॉक करून पैसे मागणारा तो रॅन्समवेअर, हा तसला नाही. हा गपचूप येतो, ब्राउझरमध्ये सेव्ह केलेले पासवर्ड, कुकीज, ऑटोफिलमधला पत्ता-फोन, सेव्ह केलेलं कार्ड, क्रिप्टो वॉलेट, टेलिग्राम डेस्कटॉपचं लॉगिन, डेस्कटॉपवरच्या टेक्स्ट फायली, वर स्क्रीनचा एक फोटो, सगळं एका झिपमध्ये भरतो आणि पाठवून देतो. काम मिनिटा-दोन मिनिटांचं. आणि यातले बरेच काम झालं की स्वतःलाच डिलीट करतात. म्हणजे तुम्ही दुसऱ्या दिवशी स्कॅन मारला तर काहीच सापडत नाही, कारण चोर घरात नाहीच, तो कवाच किल्ल्या घेऊन गेलाय. हिरवी टिक बघून निवांत झोपू नका ते यासाठी.

रेडलाइन, रकून, विडार, लुम्मा अशी यांची नावं असतात आणि ही चक्क महिन्याच्या भाड्यानं मिळतात, ज्याला कोडिंगचा क पण येत नाही असा माणूस भाडं भरून वापरतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये डच पोलिसांच्या पुढाकारानं रेडलाइनचे सर्व्हर बंद पाडले. मे २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टनं लुम्मावर कारवाई केली तेव्हा त्यांनीच सांगितलं की १६ मार्च ते १६ मे या दोन महिन्यात जगभरात ३ लाख ९४ हजारांवर विंडोज कॉम्प्युटरमध्ये तो घुसलेला होता. एक बंद पाडला की दुसरा उगवतो, लुम्मा पण परत आलाच.

आता ओटीपी का आला नाही. अंबाबाईच्या देवळाबाहेर स्टँडवर चप्पल ठेवली की टोकन देतात बघा. परत आल्यावर टोकन दाखवायचं आणि चप्पल घ्यायची, तिथं कोण तुमचं नाव विचारत नाही, आधार मागत नाही, टोकन ज्याच्या हातात चप्पल त्याची. ब्राउझरमधली कुकी म्हणजे ते टोकन. तुम्ही एकदा पासवर्ड टाकला, ओटीपी टाकला, की वेबसाईट तुम्हाला टोकन देते, मग रोज रोज विचारत नाही. स्टीलरनं ते टोकन उचललं की चोर थेट आत, पासवर्ड पण नको आणि ओटीपी पण नको. म्हणून नुसता पासवर्ड बदलून भागत नाही, सगळी जुनी टोकनं रद्द करायला लागतात, म्हणजे प्रत्येक ठिकाणी 'सगळ्या डिव्हाइसवरून साइन आउट'. क्रोमनं जुलै २०२४ मध्ये १२७ व्हर्जनपासून विंडोजवर कुकीजला जादा कुलूप लावलं होतं, स्टीलरवाल्यांनी दोन-तीन महिन्यात त्याला पण वाट काढली.

पहिली पंधरा मिनिटं

नेट तोडा. लॅनची वायर असेल तर उपसा, वायफाय असेल तर बंद करा. डिजिटल सिग्नेचरचा डोंगल लावलेला असेल तर काढून खिशात घाला. जीएसटी, टेंडर करणाऱ्यांच्यात हा डोंगल महिनोन्महिने मागं लटकत असतो, मी स्वतः बघितलंय.

त्या कॉम्प्युटरवर आता काहीही टाइप करायचं नाही. भाऊ माझा काय करत होता, त्याच मशीनवर बसून धडाधड पासवर्ड बदलत होता. म्हणजे चोर खिडकीत उभा आणि हा नवीन कुलपाची किल्ली त्याच्यासमोर कडीला अडकवतोय. फोन घ्या, किंवा घरातल्या दुसऱ्या कुणाचातरी लॅपटॉप, आणि फोनवर पण स्वतःचा मोबाईल डेटा चालू करून बसा.

मग हा क्रम:

सगळ्यात आधी ईमेल. फेसबुक, बँक, सगळ्यांची 'पासवर्ड विसरलो' ची लिंक शेवटी जीमेललाच येते, त्यामुळे जीमेल गेलं तर बाकीचं वाचवून उपयोग नाही. गुगल अकाउंटच्या सेटिंगमध्ये सिक्युरिटीत जायचं, 'तुमची डिव्हाइस' मध्ये तो बाधित कॉम्प्युटर आणि जे ओळखीचं नाही ते सगळं साइन आउट करायचं, त्यानंतर पासवर्ड बदलायचा. कॉम्प्युटरला आधी बाहेर काढायचं कारण असं की क्रोमचा सिंक चालू असतो, तुम्ही फोनवर नवीन पासवर्ड सेव्ह केला की नेट लागल्याबरोबर तो त्याच घाण मशीनवर जाऊन पोचतो. हे माझ्याही लगेच डोक्यात आलं नव्हतं, एक पासवर्ड बदलून झाल्यावर आठवलं आणि तो परत बदलावा लागला.

तिथंच अजून चार गोष्टी बघा. रिकव्हरी फोन आणि रिकव्हरी ईमेल तुमचाच आहे का. पासकी (पासवर्डऐवजी फोनच्या लॉकनं लॉगिन करायची सोय), बॅकअप कोड (ओटीपी मिळत नसेल तेव्हा वापरायचे राखीव कोड), अ‍ॅप पासवर्ड यात अनोळखी काही आहे का, बॅकअप कोड नवीनच काढा. थर्ड पार्टी अ‍ॅपना दिलेला अ‍ॅक्सेस. आणि जीमेलच्या आत फिल्टर आणि फॉरवर्डिंग, हे तर लोक हमखास विसरतात. भावाच्या जीमेलमध्ये एक फिल्टर निघाला, फेसबुककडून येणारा प्रत्येक मेल थेट ट्रॅशमध्ये. म्हणजे फेसबुक बिचारं रात्रभर 'नवीन लॉगिन झालंय, तुम्हीच का' विचारत होतं आणि याला पत्ता नाही. चोरानं रिकव्हरी नंबर बदललाच असेल तरी घाबरू नका, बदलल्यापासून ७ दिवस जुन्या नंबरवरून पण अकाउंट परत मिळवता येतं, पण ते ७ दिवस घालवू नका.

मग पैसे. नेटबँकिंगचा पासवर्ड बदला, ब्राउझरमध्ये सेव्ह असलेलं कार्ड बँकेच्या अ‍ॅपमधून बंद करा, निदान ऑनलाइन व्यवहार बंद करा. यूपीआयचा पिन फोनमध्ये टाकता त्यामुळे तो कॉम्प्युटरमधून जात नाही, तो पिन तुम्ही डेस्कटॉपवर 'पासवर्ड' नावाच्या नोटपॅड फाईलमध्ये लिहून ठेवला नसेल तर. हसू नका, निम्म्या कोल्हापूरच्या दुकानांत अशी फाईल आहे. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० ला फोन आणि सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार. जितकं लवकर कराल तितकी रक्कम पुढच्या खात्यात अडवली जायची शक्यता जास्त, सकाळी बँक उघडल्यावर बघू म्हणून थांबू नका.

त्यानंतर फेसबुक, इन्स्टा, आणि व्हॉट्सअ‍ॅपचं 'लिंक्ड डिव्हाइसेस', टेलिग्रामचं 'डिव्हाइसेस'. एकेक उघडायचं, सगळं लॉग आउट, नवीन पासवर्ड, प्रत्येकाला वेगळा. फेसबुक ताब्यातच नसेल तर फेसबुक डॉट कॉम स्लॅश हॅक्ड या पत्त्यावर त्यांचीच सोय आहे. फेसबुकवर 'तुमचं अकाउंट रिकव्हर करून देतो, दोन हजार लागतील' म्हणणारे मेसेज येतील, ते पण चोरच.

व्हॉट्सअ‍ॅप वेबवरून डाउनलोड झालेले आधार, पॅनचे फोटो डाउनलोड फोल्डरमध्ये पडलेले असतील तर ते पण गेले असं धरून चला. आधार बायोमेट्रिक लॉक करून ठेवायला काही पैसे पडत नाहीत.

कुठून आला ते कसं शोधायचं

हे दुसऱ्या दिवशी दुपारी केलं, झोप झाल्यावर. नेट बंदच.

कॉम्प्युटर स्लो झालाय का, पंखा आवाज करतोय का, यावरून इन्फोस्टीलर ओळखता येत नाही. लोकांना वाटतं व्हायरस म्हणजे मशीन जाम होणार. हा काही जाम करत नाही. अ‍ॅडमिनची परवानगी पण मागत नाही, तुमच्याच लॉगिनच्या हक्कात चालतो, त्यामुळे 'मी कुठं यस दाबलंच नाही' याला अर्थ नाही.

मी आधी विचारलं, दोन-चार दिवसात काय नवीन टाकलंस. "काय नाही, फक्त एक फाँट शोधत होतो, तो पण मिळाला नाही." मिळाला नाही हेच महत्त्वाचं. मग त्याच्या कीबोर्डवर विंडोजचं बटण आणि आर दाबलं, ती छोटी रनची चौकट उघडली, आणि खाली जायचा बाण दाबला. या चौकटीत आधी टाकलेल्या गोष्टी तिथं लक्षात ठेवलेल्या असतात. भाऊ जन्मात कधी ती चौकट वापरत नाही, आणि तिथं एक ओळ होती, शेवटी लिहिलेलं 'मी रोबोट नाही, व्हेरिफिकेशन आयडी अमुक अमुक', इंग्रजीत. एंटर न मारता कर्सर मागं मागं नेला, तर नुसती अक्षरांची खिचडी, आणि अगदी सुरुवातीला शब्द, पॉवरशेल, म्हणजे विंडोजला लेखी हुकूम द्यायचा प्रोग्राम.

मग त्याला आठवलं. फाँटच्या कुठल्या तरी साईटवर 'तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा' आलं, त्यावर टिक केलं तर तीन पायऱ्या दाखवल्या: विंडोज आणि आर दाबा, कंट्रोल व्ही दाबा, एंटर दाबा. टिक केली त्याच क्षणी त्या पानानं ती ओळ याच्या क्लिपबोर्डवर कॉपी करून ठेवली होती. चौकट लहान असल्यामुळे ओळीचं फक्त शेपूट दिसतं, आणि शेपटाला 'मी रोबोट नाही'. खटक्यावर बोट, जाग्यावर पलटी. डाउनलोड नाही, इन्स्टॉल नाही, अँटीव्हायरसला बिचाऱ्याला समजतंय तुम्हीच तुमच्या हातानं कमांड दिली. या युक्तीला क्लिकफिक्स म्हणतात. कुठलाही खरा कॅप्चा तुम्हाला कीबोर्डवर असलं काही करायला सांगत नाही, चित्रातल्या बसगाड्या मोजायला लावेल फार तर.

तुमच्या रनच्या चौकटीत काही नसेल तर बाकीच्या जागा बघा. डाउनलोड फोल्डर तारखेनं लावा आणि झिप शोधा, त्यातही जिचा पासवर्ड साईटवरच दिलेला होता अशी, १२३४ असा काहीतरी. झिपला पासवर्ड कशाला लावतात, अँटीव्हायरसला आत बघता येऊ नये म्हणून. क्रॅक, अ‍ॅक्टिव्हेटर, गेमचा चीट, यूट्यूबच्या व्हिडिओखाली दिलेली 'फुल व्हर्जन फ्री' ची लिंक, आणि त्यात लिहिलेलं 'आधी अँटीव्हायरस बंद करा'. कोटेशन म्हणून आलेली फाईल पण बघा, जिचं नाव पीडीएफनं संपल्यासारखं दिसतं आणि प्रत्यक्षात ईएक्सई किंवा एससीआर असते. एक्सप्लोररच्या व्ह्यू मेनूत 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स' चालू करा, लगेच दिसेल.

मग विंडोज सिक्युरिटीत व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन उघडा. प्रोटेक्शन हिस्टरी वाचा, कधीकधी डिफेंडरनं, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या अँटीव्हायरसनं, पकडलेलं असतं आणि आपण कोपऱ्यातलं नोटिफिकेशन घालवून टाकलेलं असतं. त्याच्याच मॅनेज सेटिंग्जमध्ये खाली एक्सक्लुजन्स असतं, म्हणजे 'इथं तपासू नको' ची यादी. ही रिकामी पाहिजे. शाहूपुरीतल्या एका गुळाच्या पेढीच्या मशीनवर मी अख्खा सी ड्राइव्ह त्या यादीत बघितलाय, कुणीतरी सॉफ्टवेअर टाकताना करून ठेवलेला, आणि हे बिनधास्त की आमचा अँटीव्हायरस चालू आहे.

टास्क शेड्युलर उघडून लायब्ररीतल्या नोंदींचा अ‍ॅक्शन्स टॅब बघा. पॉवरशेल, एमएसएचटीए (हा पण विंडोजचाच असाच एक प्रोग्राम), किंवा अ‍ॅपडेटा आणि टेम्प फोल्डरमधल्या विचित्र नावाच्या फाईलला बोलावणारी नोंद असेल तर तो पाहुणा अजून घरात आहे. टास्क मॅनेजरमधला स्टार्टअप टॅब पण बघा. ज्यांना थोडं जमतं त्यांनी मायक्रोसॉफ्टचंच ऑटोरन्स नावाचं फुकट टूल वापरावं, सुरू होताना जे जे चालतं ते सगळं एका जागी दाखवतं, त्यात मायक्रोसॉफ्टच्या नोंदी लपवायचा पर्याय चालू केला की यादी आटोपशीर होते. आणि ब्राउझरची एक्स्टेन्शन्स. जे आठवत नाही ते काढा.

हॅव आय बीन पोन्ड या साईटवर आपला ईमेल टाकून बघता येतो, तिथं आता स्टीलरनं चोरलेल्या याद्या पण घातलेल्या आहेत. नाव निघालं तर समजायचं. नाही निघालं तर त्याचा अर्थ काही नाही.

साफसफाई

इथं लोक मला शिव्या घालतात, पण माझं मत असं की पासवर्ड चोरणारा घुसला हे पक्कं झालं तर फॉरमॅट मारा. सोबत अजून काय उतरवून ठेवलंय याची खात्री स्कॅनर देत नाही. पण सीझन चालू आहे, मंडळं दारात बसलीत, आज फॉरमॅट शक्य नाही, तर निदान एवढं: मोबाईलच्या हॉटस्पॉटवर थोड्या वेळापुरतं नेट देऊन डिफेंडर अपडेट करा आणि परत नेट काढा, फुल स्कॅन लावा, मग मायक्रोसॉफ्ट डिफेंडरचा ऑफलाइन स्कॅन. हा मशीन रीस्टार्ट करून विंडोज सुरू व्हायच्या आधी तपासतो, साधारण पंधरा मिनिटं लागतात, आणि लपून बसलेल्याला विंडोज चालू नसल्यामुळे लपता येत नाही. वर दुसरं मत म्हणून मालवेअरबाइट्सचं फुकट व्हर्जन किंवा मायक्रोसॉफ्ट सेफ्टी स्कॅनर, तो डाउनलोड केल्यापासून १० दिवसच चालतो, तेव्हा मागच्या वर्षीचा पेनड्राइव्हमधला वापरू नका. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या साईटवर पण फुकट टूल्स आहेत. सापडलेलं सगळं क्वारंटाइनमध्ये टाका, म्हणजे अँटीव्हायरसच्या कोठडीत, स्टार्टअपची आणि टास्कची घाण हातानं काढा, एक्सक्लुजन्स रिकामं करा. आणि त्या मशीनवर फॉरमॅट होईपर्यंत फक्त डिझाईन, लॉगिन कुठलंही नाही.

फॉरमॅट करताना. बॅकअपमध्ये फक्त तुमचं काम घ्या, म्हणजे डिझाईनच्या फायली, फोटो, एक्सेल, टॅलीचा डेटा. ईएक्सई, जुने सेटअप, झिप, ब्राउझरचं प्रोफाइल फोल्डर हे घ्यायचं नाही. 'माझ्याकडं क्रॅकचा जुना सेटअप आहे चांगला' असं म्हणून सांभाळून ठेवलेला फोल्डर तर अजिबात नाही. दुसऱ्या चांगल्या कॉम्प्युटरवर मायक्रोसॉफ्टच्या साईटवरून मीडिया क्रिएशन टूल घेऊन ८ जीबीचा पेनड्राइव्ह बनवा, त्यावरून बूट करून सी चं पार्टिशन डिलीट करून नव्यानं विंडोज टाका. पेनड्राइव्ह नसेल तर सेटिंगमधलं 'रीसेट धिस पीसी', त्यात 'रिमूव्ह एव्हरीथिंग' आणि 'क्लाउड डाउनलोड'. 'कीप माय फाइल्स' निवडून उपयोग नाही. मशीनसोबत आलेलं ओरिजिनल विंडोज असेल तर ते परत आपोआप अ‍ॅक्टिव्हेट होतं, ओरिजिनल नसेल तर आता अ‍ॅक्टिव्हेटर शोधत बसलात तर पुढच्या गणपतीला परत भेटू. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, चालत असेल तर ११ टाका.

मॅकवाल्यांनी पण गप्प हसू नये, २०२३ पासून अ‍ॅटॉमिक नावाचा स्टीलर खास मॅकसाठी फिरतोय, तो खोटी चौकट दाखवून मॅकचाच पासवर्ड मागतो.

नवीन विंडोजवर ब्राउझरमध्ये साइन इन केल्यावर एक्स्टेन्शन्सची यादी परत एकदा बघा, सिंकमधून जुनं भूत परत येतं. महत्त्वाचे पासवर्ड ब्राउझरमध्ये ठेवू नका, पासवर्ड मॅनेजर वापरा किंवा सरळ वहीत लिहून कपाटात ठेवा, मला वही चालते, वहीतून कोण रशियातून चोरत नाही. बँकेचं, जीएसटीचं काम झालं की नुसती खिडकी बंद न करता लॉग आउट दाबा, म्हणजे टोकन तिथंच मरतं. कार्ड सेव्ह करू नका. आणि पुढचे सहा महिने लॉगिनचे मेल नीट वाचत जा, कारण चोरलेल्या याद्या पुढं विकल्या जातात, आज ज्यानं चोरलं तो आणि उद्या वापरणारा वेगळाच असतो.

भावाचं पेज चौथ्या दिवशी परत मिळालं. जाहिरातीचे पैसे कार्डावरून गेलेले, त्याची तक्रार बँकेत आणि १९३० वर दोन्हीकडं दिली, प्रकरण अजून चालू आहे. फाँटचं म्हणाल तर बलू, मुक्ता, यात्रा वन, तिरो देवनागरी मराठी हे सगळे गुगल फाँट्सवर फुकट पडलेत, कॅप्चा नाही की झिपला पासवर्ड नाही. त्या रात्री त्याला जो पाहिजे होता तसाच जवळपास यात्रा वन दिसतो, मी दाखवल्यावर म्हणाला, "हा आधी सांगायचास की." अध्यक्षांचा फ्लेक्स शेवटी त्यातच गेला.